हे फ्लर्टमध्ये बसतं का?

माझ्या बसमध्ये सीटवर पाय ठेवायचा नाही, खिडकीतून थुंकायचं नाही आणि मला ‘ओ ड्रायव्हर’ म्हणून हाक मारायची नाही. नूरमोहम्मद म्हणा, नूरचाचा म्हणा, गप्प बसलात तर सगळ्यात उत्तम. काळेवाडी फाट्यावरून चाकणला कंपनीत पहिल्या शिफ्टची माणसं न्यायची आणि दुपारी शिफ्ट सुटली की परत आणायची, हे माझं काम. वेळेच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. स्टॉपवर माणूस दिसला नाही की बस पुढे. मग तो मागून धावत येवो, नाहीतर लोळत येवो.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की चाचा भलताच मऊ माणूस आहे. तसलं काही नाही. घरी रुक्सानाला विचारा, माझी बायको आहे ती, ती सांगेल.

तर कंपनीच्या बसमध्ये कुठल्याच सीटवर नाव लिहिलेलं नसतं, पण ज्याची त्याची जागा ठरलेली असते. आमचे हिंदुराव, असेंब्लीतले सगळ्यात जुने ऑपरेटर, त्यांच्या जागेवर एकदा एक नवा पोरगा बसला. हिंदुराव काही बोलले नाहीत, नुसते त्याच्या डोक्याशी उभे राहिले, मोशीपर्यंत. पोरगा आपोआप उठला. आणि कुणी कुणासाठी जागा धरली तर सगळी बस बघते. जागा धरणं ही साधी गोष्ट नाही राव. पहाटेची झोप सगळ्यांना प्यारी असते, आणि खिडकीला डोकं टेकायला मिळणं म्हणजे तासभर आणखी झोप. ती आपण होऊन दुसऱ्याला द्यायची म्हणजे माणूस तसाच लागतो.

समाधान तसा होता. क्वालिटीत पार्ट तपासायचा, धाराशिवकडचा, नाकासमोर चालणारा पोरगा. तो काळेवाडीला चढायचा तेव्हा बस रिकामी असायची. हा खिडकीशी बसायचा आणि पुढच्या सीटच्या खिडकीशी आपली बॅग ठेवायचा. शेजारच्या नाही हं, पुढच्या. भोसरी येईस्तोवर बस गच्च भरायची. भोसरीला मिनल चढायची. परभणीकडची, सेलूची, भावाकडे राहायची, लाइनवर ट्रेनी होती. ती आली की समाधान हात लांब करून बॅग उचलायचा, ती बसायची. ‘थँक्यू’ नाही, ‘गुड मॉर्निंग’ नाही, काही नाही. उन्हाळा गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. त्या पोरानं तिच्या वेणीशिवाय काही बघितलं नसेल.

पण मला आरशात पुढून दिसायचं ना. ती बसली की ओठ दाबून हसायची. रोज.

मग कंपनीत ट्रेनिंग झालं. एचआरच्या तनुजा मॅडमनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून पडद्यावर दाखवलं, बायामाणसांशी कसं वागायचं, कसं वागायचं नाही. चांगलं केलं, पाहिजेच. माझी स्वतःची पोरगी हिंजवडीला कामाला जाते, मला कळतं. फक्त त्या पडद्यावर एक इंग्रजी शब्द होता, आणि परत येताना माझ्या बसमध्ये त्याच्यावरून नुसता गोंधळ.

“फ्लर्ट करायचं नाही, हे कळलं,” हिंदुराव म्हणाले. “पण फ्लर्ट म्हणजे नक्की काय, हे कुणी सांगितलंच न्हाई.”

“लाइन मारणं हो, काका,” मागून कोणीतरी बोललं.

“छ्या! लाइन लांबून मारतात. फ्लर्टला जवळ जावं लागतं.”

“मग पटवणं?”

“पटवणं म्हणजे काम फत्ते झालं. फ्लर्ट म्हणजे काम चालू आहे.”

“आणि लाइक करणं?”

“लाइक काय, लाइक तर मी सरपंचाच्या वाढदिवसालापण करतो!”

बस खदाखदा हसली. शेवटी पिंकी उठली. पिंकी मिनलच्या लाइनवरच, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. ती म्हणाली, “फ्लर्ट म्हणजे आवडत असल्यासारखं वागायचं, बोलायचं, हसायचं, पण मनात काही ठेवायचं नाही. गंमत म्हणून.”

“मग मनात असलं तर ते फ्लर्ट न्हाई?” हिंदुरावांनी बरोबर पकडलं.

“ते समोरच्या माणसावर आहे, काका. तिला नको असेल तर तुमच्या मनात काय का असेना, तिला त्रासच.”

“आमच्या वेळी बरं व्हतं,” हिंदुराव म्हणाले. “एकच शब्द. पसंत. पोहे खायचे, पसंत म्हणायचं, पुढं सगळं घरचे बघायचे.”

मिनल खिडकीबाहेर बघत होती. आणि तिच्या मागे समाधान, कान लालभडक, असा ऐकत होता जसं उद्या परीक्षाच आहे.

दुसऱ्या दिवशी पुढच्या सीटवर बॅग नाही. भोसरीला मिनल चढली, सवयीनं तिथपर्यंत गेली, तर तिथे दुसराच कुणी घोरतोय. समाधान मांडीवर बॅग घेऊन खाली बघत बसलेला. बॅगेला असा धरून, जणू कोणी हिसकावून नेणार आहे. ती क्षणभर उभी राहिली आणि परत पुढे आली. माझ्या डाव्या हाताला इंजिनाला लागून एक सीट आहे, तिथे कोणी बसत नाही, बसलं की चटके बसतात. तिथे बसली.

रोज तेच. चार-पाच दिवसांनी तिनेच विचारलं, “चाचा, ती बॅग आता कुणासाठी ठेवायलाय तो?”

“कुणासाठी नाही, बेटा. मांडीवर घेऊन बसतो.”

तिला जरा बरं वाटलेलं दिसलं. मग म्हणाली, “महिनाअखेर माझं ट्रेनिंग संपतंय. कंपनी पुढं ठेवंना. दादा म्हणतोय सेलूला जा, पाहुणे बघायला येणार हायत. दुकानवाले हायत म्हणं.”

“तुझं काय म्हणणं?”

“माझं?” ती हसली. ते आरशातलं हसू नव्हतं. “माझं म्हणणं कुणी मागितलंय?”

माझं डोकं सटकलं. त्या दुपारी कंपनीच्या गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर मी समाधानला गाठलं. म्हटलं, काय रे, इतके महिने जागा धरलीस, आता काय हाताला लकवा मारला? पोरगी जातीये महिनाअखेर!

त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याला माहीतच नव्हतं.

“चाचा, मला ती लई आवडते,” तो म्हणाला. हे बोलायलाही त्याला अर्धा चहा लागला. “पण ट्रेनिंगमध्ये सांगितलं ना. जागा धरणं हे फ्लर्टमध्ये बसतं का, मला कळंना. आवडतेस म्हणून तोंडानं सांगितलं, तर ते बसतं का? चुकून तिला त्रास झाला तर?”

आता सांगा, ह्याच्यावर ओरडायचं कसं? ओरडलोच, ती गोष्ट वेगळी. “अरे मग तिच्याशी बोल!” म्हटलं. “बोल, गाढवा!” तो मान हलवून गेला. मला वाटलं, अक्कल आली.

कसली अक्कल! हा पडला क्वालिटीचा माणूस. ह्यांच्या खात्यात एक पद्धत आहे, बसमध्ये ऐकून ऐकून मला पाठ झालीये. एखादा पार्ट मापात जरासा इकडेतिकडे असला, पण वापरण्यासारखा असला, तर तो फेकत नाहीत. साहेबाकडे जातात, असं असं आहे म्हणून सांगतात, साहेब सही देतो. त्याला म्हणतात डेव्हिएशन. एकदा डेव्हिएशन मिळालं की पार्ट बिनधास्त पुढे. तर हा शहाणा दुसऱ्या दिवशी कुठे गेला असेल? सरळ तनुजा मॅडमच्या केबिनमध्ये!

“मॅडम,” म्हणाला, “मला एका मुलीला सांगायचंय की तू आवडतेस. नियमात बसत नसेल तर एवढ्या एका वेळेपुरतं डेव्हिएशन मिळेल का?”

हे त्यानं स्वतः मला नंतर सांगितलं, आणि सांगताना त्याला अजूनही कळत नव्हतं की त्याचं चुकलं कुठे. मी कपाळाला हात लावला. मॅडम बिचाऱ्या काय करणार? त्यांनी विचारलं, कोण मुलगी. ह्यानं नाव सांगितलं. मॅडमचं काम म्हणून त्यांनी मिनलला बोलावून दार लावून विचारलं, की बाई, तुला समाधानकडून काही त्रास आहे का, घाबरू नकोस, सांग.

त्या दुपारी मिनल बसमध्ये चढली ती सरळ समाधानच्या सीटपाशी. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मी इंजिन चालू केलेलं बंद केलं. वेळ झाली होती, तरी बंद केलं.

“तू एचआरला जाऊन विचारलास?”

समाधान उठून उभा राहिला. “तुला त्रास होऊ नये म्हणून...”

“म्हणून सगळ्या ऑफिसात माझं नाव घेतलास? लाइनवरून मला एचआरनं बोलावलं, सगळ्या पोरी बघायलेत, मला वाटलं मी काय चोरी केली!” तिचा आवाज फाटला. “तिकडं पाहुणे येणार, मुलगी पसंत हाय का ते दादाला सांगणार. दादा आईला सांगणार. हिकडं तू मॅडमला विचारणार. सगळे एकमेकाला विचारायलेत. मला कोण आवडतंय, हे मला एकटीला सोडून सगळ्यांना विचारून झालं!”

एवढं बोलून ती इंजिनाच्या सीटवर येऊन बसली आणि ओढणी डोळ्याला लावली. मी बस काढली. मला त्या पोराचा राग आला होता आणि कीवही येत होती, आणि पोरीच्या बाजूनं तर मी पूर्ण होतोच, त्यामुळे गिअर काही नीट पडेना.

घरी आल्यावर रुक्सानाला सगळं सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. ऐकून म्हणाली, “पोरगं वाईट नाही. भित्रं आहे.”

“भित्रं कसलं? एचआरमध्ये गेला की एकटा!”

“तिथे जायला काय हिंमत लागते? मॅडम फार तर नाही म्हणेल, कागदावर. पोरीनं नाही म्हटलं तर ते काळजाला लागतं. म्हणून तिला सोडून बाकी सगळ्यांकडे गेला.” मग तवा उतरवत म्हणाली, “आणि तुम्ही मध्ये पडू नका. तुम्ही मध्ये पडलात की आवाजच फार होतो.”

मध्ये पडलो नाही. खरंच पडलो नाही. पण समाधान रोज चहाला माझ्यासमोर येऊन उभा राहायचा, तेव्हा रुक्सानाचं बोलणं मात्र त्याला जसंच्या तसं ऐकवलं. त्यानं रिकामा ग्लास टपरीवर ठेवला. म्हणाला, “चाचींचं खरंय, चाचा. ती नाही म्हणाली तर मी काय करू, हेच मला सुचत नव्हतं.”

“मग आता सुचलं का?”

“नाही,” तो म्हणाला. “पण तिचं बरोबर आहे.”

महिनाअखेर आली. शेवटच्या दिवशी दुपारी मिनल पेढ्यांचा बॉक्स घेऊन चढली. सगळ्या बसला वाटले. समाधानलाही दिला, न बघता. मग येऊन माझ्याजवळ बसली. कुरुळीच्या अलीकडे ट्रॅफिक तुंबला. चाकणचा ट्रॅफिक तुम्हाला सांगायला नको, कंटेनरच्या मागे कंटेनर, एक चाक हलत नव्हतं. हिंदुराव घोरायला लागले. आणि आरशात दिसलं, समाधान जागेवरून उठून पुढे येतोय. येता येता दोनदा दांडीला धडकला.

“मिनल, मला बोलायचंय,” तो म्हणाला. आवाज एवढा मोठा निघाला की हिंदुराव दचकून जागे झाले. “मी ह्या वेळी कुणालाच विचारलं नाही. मला तू...”

“थांब!” मिनल म्हणाली. “हिथं? एवढ्या माणसांत? मला नाही म्हणायचं असलं तर मी एवढ्यांसमोर कशी म्हणू?”

समाधानचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. खरं सांगतो, माझंही. माझ्या डोक्यातसुद्धा ते आलं नव्हतं.

ती उठली. “चाचा, दार उघडा.”

मधेच दार उघडायचं नाही, हा माझा नियम. मी पुढे बघितलं, मागे बघितलं, सगळं ठप्प. उघडलं दार. ती उतरली, आणि खालून त्याला म्हणाली, “ये की आता. काय बघायलास?”

तो उतरला. दोघं रस्त्याच्या कडेच्या धुळीतून चालायला लागले, आणि इकडे अख्खी बस डाव्या खिडक्यांना जाऊन चिकटली. बस एका अंगाला कलली असेल, एवढी माणसं! मी सीटवरून उठलो आणि असा ओरडलो, असा ओरडलो, की पुढचा कंटेनरवालाही वळून बघायला लागला. “खिडक्या लावा! सगळ्या! लाज नाही वाटत? ज्यानं काच उघडली तो उद्यापासून चालत कंपनीत!”

सगळ्यांनी खिडक्या लावल्या. भर दुपारी बंद बसमध्ये घामानं निथळत बसले, पण लावल्या. मी मात्र समोरच्या काचेतून बघितलं. आता मी ड्रायव्हर आहे, मी रस्त्याकडे बघणारच. समाधान थांबला. तिच्याकडे तोंड करून उभा राहिला, आणि पहिल्यांदा, मी शपथेवर सांगतो पहिल्यांदा, त्या पोरानं मान वर करून तिच्याकडे सरळ बघितलं. बोलला. फार नाही बोलला, दोन-तीन वाक्यं असतील. मग उत्तराची वाट बघत उभा राहिला. ती काही बोलली नाही. चालायला लागली, तोही चालायला लागला.

तेवढ्यात गाड्या हलल्या. मागून हॉर्न सुरू. मी बस त्यांच्याजवळ नेली आणि दारातून म्हटलं, चला, बसा. मिनल दाराशी आली. डोळे लाल होते, पण आवाज घट्ट.

“चाचा, तुम्ही जावा. आमी रिक्षानं येऊ. ह्याला विचारायला एवढे महिने लागले, मला विचार करायला भोसरीपर्यंतचा रस्ता तरी लागंल की.”

मी गेलो. घरी रुक्साना म्हणाली, “काय उत्तर दिलं तिनं?” म्हटलं, मला काय माहीत, मी खिडक्या लावून घेतल्या होत्या. ती माझ्याकडे बघतच राहिली. त्या रात्री तिनं मला दोन भाकऱ्या जास्त वाढल्या.

दुसऱ्या दिवशी समाधान काळेवाडीला चढला. रात्रभर झोपला नव्हता हे दिसतच होतं. “काय म्हणाली?” हे अगदी माझ्या जिभेवर आलं होतं, पण गिळलं. त्यानेच सांगितलं. “उद्या सांगते म्हणाली, चाचा. म्हणजे आज. कधी, ते नाही सांगितलं.” जाऊन जागेवर बसला. भोसरी जवळ आली तसं माझाच जीव वरखाली व्हायला लागला. तिचं ट्रेनिंग संपलेलं, ती आता बसला येणार नाही, हे कळत होतं, तरी.

स्टॉपवर मिनल उभी होती. युनिफॉर्म नाही, साधा पंजाबी ड्रेस. बाकीची माणसं चढली, ती चढली नाही. बसच्या बाजूनं चालत समाधानच्या खिडकीखाली आली, आणि काचेवर बोटानं टकटक केलं. त्यानं काच सरकवली. त्याच्याबरोबर अख्ख्या बसनं सरकवली, आणि ह्या वेळी मी कोणाला काही बोललो नाही.

“समाधान,” ती म्हणाली. भोसरीच्या त्या चौकात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. “मला तू आवडतोस. दादाला रात्रीच सांगितलंय, मी सेलूला जाणार नाही. तो चिडलाय, पण ऐकून घेतलंय. आईला मी सांगणार हाय. आणि हे मी कुणाला विचारून बोलत नाही.”

पिंकी किंचाळली. हिंदुरावांनी अशी शिट्टी मारली की रिटायरमेंटला आलेला माणूस म्हणून कोणी ओळखलं नसतं. माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं, धूळ म्हणा हवं तर, पण म्हणू नका, मला रडूच आलं होतं. बस लेट होत होती, होऊ दे म्हटलं.

समाधान उठला, पुढे आला, माझ्याजवळ उभा राहिला. खाली ती वाट बघतीये, दार उघडं आहे, आणि हा माझ्याकडे वळून म्हणतो कसा, “चाचा, आजच्या दिवस सुट्टी टाकली तर चालेल का?”

“मला काय विचारतोस, गाढवा!” मी ओरडलो. “उतर खाली!”